खिसा आधी, पाणी नंतर

४ मार्च, मंगळवार

नगरपालिकेची बाई घरी येऊन गेली. हातात तीन फायली, काखेत चौथी. बसा म्हटलं तर फायली खुर्चीवर ठेवल्या आणि स्वतः उभी राहिली. मी तिचं नाव फाईलबाई ठेवलं.

काम असं — एकवीस तारखेला देशासाठी प्रार्थनेचा दिवस. तो दरवर्षीच असतो. दरवर्षी आमच्या चर्चमध्ये व्हायचा, नगराध्यक्ष पहिल्या बाकावर बसून डुलक्या काढायचे, शेवटी हात जोडून निघून जायचे. यंदा वरून हुकूम आलाय — एकाच धर्माच्या घरात नको, टाऊन हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून करा. मंचावर चार खुर्च्या. पुजारी, पाळक, मौलवी, भिक्खू. पाळक म्हणजे माझा मुलगा.

बाईने एक छापील कागद दिला. प्रार्थना एकच, तिचे चार भाग, दुसरा भाग आमच्या वाट्याला. मुलाने मोठ्याने वाचला. "हे सर्वव्यापी शक्ती, तू ज्या कुठल्या नावाने ओळखली जातेस..."

मी विचारलं, "बाई, यात येशू कुठे आहे?"

"आजी, यात कोणाचंच नाव नाहीये. म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको."

"आणि ज्याला हाक मारायची त्याला वाईट वाटलं तर?"

ती पाणी प्यायली. मुलाने कागदाच्या चार घड्या केल्या, खिशात ठेवला आणि म्हणाला, "विचार करतो."

हा जन्माला यायचा होता तेव्हासुद्धा दोन आठवडे विचारच करत होता.

५ मार्च

रात्रभर ती सर्वव्यापी शक्ती डोक्यात. पाकिटावर पत्ता न लिहिता पत्र टाकायचं आणि पोस्टमनला म्हणायचं, तू ज्या कुठल्या घरी जातोस तिथे दे.

९ मार्च, रविवार

उपासनेनंतर चर्चच्या पंचांची बैठक. मी पंचांत नाही. पण बैठकीच्या खोलीबाहेर फुलदाण्यांचं पाणी बदलायचं काम माझं आहे, आणि आज पाणी फार वेळा बदलावं लागलं.

पंचांचा मुख्य म्हणजे शिंपी. सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं, मीही तोंडावर मास्तरच म्हणते. माणूस सरळ. पण त्याची कात्री कापडावर जशी चालते तशीच माणसांवर चालते — एकदा खडूची रेघ मारली की मारली. आणि आवाज! प्रार्थना संपली की त्याचं "आमेन" असं सुटतं की खिडक्यांची तावदानं हलतात. त्याने म्हटल्याशिवाय मंडळी आमेन म्हणत नाही. पाळकाने म्हटलं तरी थांबतात, मास्तरांचं आलं की सगळ्यांचं येतं. इतक्या वर्षांची सवय.

तो म्हणाला, "पाळकसाहेब, तुम्ही त्या मंचावर बसायचं नाही. मंडळीतल्या कोणी त्या हॉलच्या पायरीवरही जायचं नाही. बसायचंच असेल तर आधी पाळकनिवासाची किल्ली ठेवा आणि मग बसा."

मुलगा म्हणाला, "मी विचार करतो."

मला फुलदाणी आत फेकावीशी वाटली. कोणाच्या अंगावर ते ठरेना, म्हणून नाही फेकली.

१० मार्च

पाळकनिवास म्हणजे तीन खोल्या, मागे मोरी, मोरीत माझा धुण्याचा दगड. अकरा वर्षं राहतोय. किल्ली गेली की दगडही गेला.

सुनेने विचारलं, "आई, खरंच काढतील का हो आपल्याला?"

मी म्हटलं, "तू माळ्यावरच्या रिकाम्या पेट्या खाली काढ."

तिचे डोळे भरले. मग तिला सांगितलं की माळा झाडायचा होता म्हणून. तिने दोन तास माझ्याशी बोलणं टाकलं. माळा मात्र स्वच्छ झाला.

१२ मार्च, बुधवार

शिंप्याकडे गेले. निमित्त — पाळकाच्या पांढऱ्या झग्याची शिवण. झगा त्यानेच शिवलाय. माझा मुलगा रुमाल हरवतो म्हणून आतून खिसाही त्यानेच लावून दिला होता.

दुकानाच्या मागे त्याची खोली, मधलं दार सताड उघडं. बायको सहा महिने अंथरुणाला खिळली आहे. तिने कण्हलं की याचा पाय मशीनवरून उचलला जातो. ती गप्प झाली की पुन्हा मशीन.

मी म्हटलं, "मास्तर, बसमध्ये मी कोणाच्याही शेजारी बसते. म्हणून काही त्याच्या थांब्यावर उतरत नाही."

"मावशी, बसमध्ये आपण प्रार्थना करत नाही."

"तुम्ही नसाल करत. मी ड्रायव्हर बघून करते."

हसला नाही. सुई दातात धरून बोलला — "माझ्या आज्याने या नावापायी घर सोडलं, भाऊ सोडले. त्याला म्हणाले होते, नुसतं एकदा म्हण की सगळे देव सारखेच, आणि रहा घरात. नाही म्हटलं त्याने. आणि आता आपला पाळक चार खुर्च्यांत बसून तेच म्हणणार, तेही नगरपालिकेच्या माईकवरून? मग माझा आजा वेडा होता का?"

खरं तर मलाही तेच वाटतं. सगळे रस्ते एकच म्हणणारा माणूस कधी रस्त्याने चाललेला नसतो. पण मी हेही म्हटलं, "आज्याने नाव घेतलं ते चार लोकांच्या समोरच ना? बंद खोलीत नाही ना घेतलं?"

तेवढ्यात आतून ती कण्हली. तो उठला. शिवण राहिली ती राहिलीच.

घरी येताना मनाशी पक्कं केलं. शिंप्याला वाटतं, जाऊच नको. फाईलबाईला वाटतं, ये पण नाव घरी ठेवून ये. मला वाटतं, जा आणि नाव घेऊन जा. आता हे माझ्या गोगलगाईला कोण सांगणार?

१३ मार्च

सांगितलं. म्हणाला, विचार करतो.

१५ मार्च

सून औषधाच्या दुकानात काउंटरवर असते. आज मौलवी खोकल्याचं औषध घ्यायला आले होते. तिला म्हणाले, "ताई, तुमच्या मालकांनाही मिळाला का तो कागद? माझ्या भागात तर नुसता हवामानाचा अंदाज आहे. सूर्याची ऊब आणि वाऱ्याची झुळूक. माझी माणसं विचारतायत, हुजूर, आपण दुआ मागायला चाललोय की सहलीला?"

म्हणजे दुखणं आमच्या एकट्याचं नाही. मला बरं वाटलं. दुसऱ्याच्या दुखण्याने बरं वाटू नये, पण वाटलं.

१६ मार्च, रविवार

उपदेश अर्धा तास. विषय काय होता ते पाळकालाही कळलं असेलसं वाटत नाही. पहिल्या बाकावर शिंपी हाताची घडी घालून. शेवटी आमेन म्हणाला तेही इतकं दमाने की एक तावदान हललं नाही. मंडळी बावरली. अर्धी म्हणाली, अर्धी राहिली.

१८ मार्च

संध्याकाळी मुलगा टेबलाशी लिहीत होता. मी जवळ गेले तर वरून पुस्तक ठेवलं. लहानपणी न सोडवलेलं गणित असंच झाकायचा.

मग झगा घालून आरशासमोर उभा राहिला. म्हणजे जाणार! मी म्हटलं, "काखेत पिवळा पडलाय. उद्या धुऊन देते."

"आई, राहू दे."

"पिवळ्या काखेने देशासाठी प्रार्थना करतोस?"

काढून खुंटीला लावला.

१९ मार्च, बुधवार

हे लिहून ठेवायला हवं. मेल्यावर कोणी विचारलं तर वही दाखवेन.

हॉस्पिटलच्या धुलाईत मी बत्तीस वर्षं काढली. पहिल्या दिवशी मुकादमीण म्हणाली होती — खिसा आधी, पाणी नंतर. डॉक्टरांच्या कोटातून मी थर्मामीटर काढले, अर्धी खाल्लेली बिस्किटं काढली, एकदा कुणाची अक्कलदाढ काढली, दोनदा प्रेमपत्रं. दोन्ही प्रेमपत्रं एकाच डॉक्टरची, बायका वेगळ्या. ज्याची वस्तू त्याला परत, तोंडातून चकार शब्द नाही. बत्तीस वर्षांत एक चिठोरी माझ्या हातून भिजली नाही. घरातही नाही. हे माझ्या मुलाला माहीत आहे, म्हणून तो खिशात काहीही ठेवतो.

आज झगा घेतला, सवयीने हात आत गेला. कागद. चार घड्या. कोणता ते कळायला उघडायची काय गरज? उघडला असता तर वाचावा लागला असता. माझं वाचन चौथीपर्यंतचं, बोट फिरवत; तेवढ्या वेळात दया आली असती.

हात रिकामा बाहेर काढला. बादलीत कढत पाणी, सोडा, झगा. वर काठीने दाबून धरला, जास्तच वेळ.

आज पाणी आधी.

दुपारी खिसा उलटा केला तर नुसता लगदा, निळसर. बोटाने खरवडून काढला. काख मात्र पांढरीशुभ्र निघाली.

प्रभू, हे चोरीत धरायचं की धुण्यात, ते तू ठरव. मला विचारशील तर धुण्यात.

२० मार्च

झगा इस्त्री केला. मुलाने काही विचारलं नाही. खिसा बघितलाही नाही. इतका भरवसा! जरा टोचलं. मग संध्याकाळी कपबशी न विसळता ठेवून गेला, तेव्हा टोचायचं थांबलं.

२१ मार्च, शुक्रवार

पाय सुजलेत, पण आज सगळं लिहिणार.

मी आणि सून तिसऱ्या रांगेत. हॉल भरलेला. बंदी होती म्हणून आपलं कोणी नसेल असं धरून चालले होते. मागे वळून पाहिलं तर पाण्याच्या पिंपामागे टोपी. टोपीखाली शिंपी! नजरानजर झाली तर पिंपावरची नोटीस वाचायला लागला. नोटीस काय, 'पाणी जपून वापरा'. ती वाचायला त्याला बराच वेळ लागला.

फाईलबाई माईकपाशी. पहिले पुजारी. म्हातारा माणूस, आवाज मऊ. कागदावरचा आपला भाग वाचला — शक्ती, प्रकाश, वगैरे. वाचून झाला तरी माईक सोडला नाही. चष्मा काढला, कागद दुमडला आणि म्हणाला, "आता थोडं माझं. माझी बायको दोन वर्षं अंथरुणावर होती. तेव्हा कळलं, झोपलेल्यापेक्षा उशाशी बसलेल्याची रात्र लांब असते. या देशात आज जे कोणी उशाशी बसलेत, त्यांना देव धीर देवो. झोपलेल्यांना उठवो. उठवायचं नसेल तर दुखू तरी न देवो." आणि हात जोडले.

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण टाचणी पडली नाही. पिंपामागून आवाज आला —

"आमेन!"

तावदानं हलली. टाऊन हॉलची तावदानं चर्चच्या दुप्पट मोठी, तरी हलली.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. मास्तरांचं आमेन आलं की मंडळीचं येतं. खांबाआडून एक आमेन. वरच्या गॅलरीतून दोन. माझ्या बरोब्बर मागून एक, मी वळले तर पंचांतला बेकरीवाला, तोंड वर्तमानपत्रात. दारापाशी ऑर्गन वाजवणारी आपल्या दोन्ही लेकींसह. मी मोजले. चौदा. ज्यांनी हॉलच्या पायरीवर जायचं नाही ते चौदा जण, चौदा कोपऱ्यांत दडलेले, एका दमात उघडे पडले. इतर लोकांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. नगराध्यक्ष डुलकीतून जागे झाले आणि तेही म्हणाले.

सुनेने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी नाही कोंबला, मी हसले.

शिंप्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. डोळे अजून मिटलेले होते. तेव्हा मला त्याचं मधलं उघडं दार आठवलं आणि मी हसायची थांबले. जरा वेळ.

मग माझा मुलगा उठला. खिशात हात घातला. हात आतच राहिला. चाचपला, पुन्हा चाचपला. माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. चांगला पंखा आहे, तीन पात्यांचा.

हात बाहेर काढला. रिकामा. मला वाटलं, आता म्हणतो की विचार करतो.

म्हणाला, "मी इथल्या सगळ्यांच्या वतीने बोलत नाही. त्यांचं सांगायला त्यांची माणसं बसलीत, आणि ती माझ्यापेक्षा चांगलं सांगतात, आत्ताच ऐकलं. आम्ही चौघे एकच गोष्ट मानतो असंही मी म्हणणार नाही, ते खोटं होईल आणि प्रार्थनेत खोटं बोलू नये. मी माझ्या मंडळीच्या वतीने बोलतो. आम्ही मागतो ते येशूच्या नावाने मागतो. ज्यांना ते नाव आपलं वाटत नाही, त्यांनी म्हणू नका. पण मागणं मात्र तुमच्यासाठीही आहे."

मग मागितलं. साधं. पाणी, शाळा, कोर्टात न्याय, राज्य करणाऱ्यांना थोडी अक्कल. दोनच मिनिटं. अकरा वर्षांत याने इतकं थोडक्यात काही सांगितलेलं मला आठवत नाही. शेवटी नाव घेतलं, स्पष्ट. कोणाच्या अंगावर फेकलं नाही, आणि गिळलंही नाही.

मी पिंपाकडे पाहिलं. टोपी काढलेली. या खेपेस तो डोळे उघडे ठेवून म्हणाला. तावदानं, आणि मग चौदाच्या चौदा.

फाईलबाईचे ओठ शिवल्यासारखे. पुढे मौलवी उठले, कागदाची घडी करून तिच्याच फायलीवर अदबीने ठेवली आणि आपली दुआ मागितली. एक शब्द हवामानाचा नाही. भिक्खू तर काही बोललाच नाही. डोळे मिटून पाच मिनिटं बसला, बाई घड्याळ बघत राहिली. त्याला कागद मुळात लागलाच नव्हता.

बाहेर शिंप्याने मला गाठलं. टोपी हातात पिळत होता.

"मावशी, ते... पुजाऱ्याच्या वेळी... सवयीने गेलं तोंडातून."

"सवयीने गेलं तर डोळे कशाला मिटले होते?"

त्याने टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

"मास्तर, कोणाला म्हटलं आमेन?"

"माझ्या प्रभूला. दुसरं कोणाला म्हणणार? तो बोलत होता, आणि मी... मी माझ्या प्रभूला सांगत होतो की हे ऐक."

"मग आज्याला काय सांगाल?"

बराच वेळ टोपी पिळली. "सांगेन, नाव घेतलं. चार लोकांसमोर." मग म्हणाला, "सोमवारी झगा पाठवा, शिवण राहिलीय."

२२ मार्च

मुलगा झग्याच्या खिशाबद्दल अवाक्षर बोलला नाही. मीही नाही. कपबशी आज विसळून ठेवली.

२३ मार्च, रविवार

पंचांची बैठक. मी फुलदाण्या घेऊन उभी. पाणी एकदाच बदलेपर्यंत बैठक संपली.

शिंपी म्हणाला, "विषय — टाऊन हॉलला कोण कोण गेलं."

बेकरीवाला खोकला. दुसरा कोणी तरी खोकला. सातांपैकी सहा खोकले. सातवा शिंपी.

"विषय पुढच्या वर्षापर्यंत तहकूब," शिंपी म्हणाला. "पाळकसाहेब, एक सांगतो. पुढच्या वेळी त्यांच्या छापील कागदावर पाय ठेवूनही उभं राहायचं नाही. आणि किल्लीचं मी जे बोललो ते... किल्ली तुमच्याकडेच असू द्या. पावसाळ्याआधी कौलं बघायला माणूस पाठवतो."

घरी कळल्यावर सूनबाई रडली. मी म्हटलं, आता पेट्या माळ्यावर चढव.

२४ मार्च

झगा शिंप्याकडे शिवायला दिला, संध्याकाळी परत आला. त्याच्या बायकोने आज दोन घास खाल्ले म्हणे. म्हणाला, "सांगितलं होतं मी त्याला." कोणाला ते विचारलं नाही.

एवढं सगळं एका बादली कढत पाण्यामुळे झालं. मी कोणाला सांगणार नाही. पण हॉस्पिटलच्या धुलाईत बत्तीस वर्षं फुकट गेली नाहीत. तो कागद भिजला नसता तर आमच्या गोगलगाईने वाचला असता सर्वव्यापी शक्ती, आणि आज मी दुसऱ्याच्या मोरीत दगड शोधत असते. पोटच्या पोराला आईने ओळखू नये तर कोणी?

२६ मार्च, बुधवार

झगा पुन्हा धुवायला काढला. आधी खिसा. कागद. चार घड्या.

या खेपेस उघडला. बोट फिरवत वाचला.

"आई, नगरपालिकेचा कागद माझ्या बायबलमध्येच होता, शेवटपर्यंत. तो मी वाचणार नव्हतोच. तू धुतलास तो माझा राजीनामा होता. कार्यक्रम संपल्याबरोबर दुकानात जाऊन मास्तरांच्या हातात द्यायचा ठरवलं होतं, म्हणून बोलण्याआधी तो आहे ना ते चाचपत होतो. दुसरा लिहावा लागला नाही. खिसे बघत जा."

दोनदा वाचला. पुन्हा चार घड्या केल्या, खिशात होता तसा ठेवला, आणि झगा भिजत घातला.